रविवारचा हिब्रू वर्ग पहिल्यांदाच घेताय?

"तुला सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) वाचता येतो ना? मग रविवारी लहान मुलांचा वर्ग तूच घे." आपल्याकडे शिक्षक बहुतेक असेच नेमले जातात. ठाणे, मुंबई, पनवेल, अलिबाग, कुठेही विचारा. ट्रेनिंग नाही, ठरलेलं पुस्तक नाही. हातात येतात ती पाच ते आठ वर्षांची मुलं. त्यांतलं एक झोपेतून उठून आलेलं असतं आणि एकाला अकरा वाजता क्रिकेटला जायचं असतं. अशा नव्या माणसासाठी हा लेख आहे. मी बेने इस्राएल मुलांचा, म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या ज्यू मुलांचा विचार करून लिहितेय. मराठी मुलाला हिब्रू शिकवताना काही गोष्टी फार सोप्या जातात आणि काही ठिकाणी नेमका घोळ होतो. बाहेरून आलेल्या पुस्तकांत यातलं काहीच नसतं.

हा वर्ग इतका महत्त्वाचा का, हे आधी थोडक्यात सांगते. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा हिब्रू रोजच्या अभ्यासात होतं. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाजातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आज तिथे आणि भायखळ्याच्या जेकब ससून शाळेतही मुख्यतः इतर समाजांची मुलं शिकतात. आपली मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली आहेत. त्यामुळे आठवड्यातून मिळणारा हा तासभरच काय तो हाताशी आहे. तो अर्धा अक्षरांना आणि अर्धा 'चांगलं वागावं' या भाषणाला दिला, तर दोन्ही वाया जातं. अक्षर आणि वागणूक एकाच धड्यात शिकवायची. ती कशी, ते पुढे येईलच.

पहिल्या रविवारच्या आधी

हझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, भेटा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे उच्चार कोणता? शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला आपली जुनी माणसं 'शब्बाथ' म्हणतात. सिनेगॉगच्या पाट्यांवरही 'बेथ एल', 'मागेन आबोथ' असंच लिहिलेलं असतं. इस्राएलहून सुट्टीत आलेली मावसभावंडं मात्र 'शबात' म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत, पण वर्गात एकच हवा. मूल शनिवारी प्रार्थनेत जे ऐकतं, तेच रविवारी वाचायला मिळावं. बाकी माहिती मुलांना मोठी झाल्यावर द्या.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि नवे शिक्षक हमखास इथेच अडकतात. देवाचं चार अक्षरी नाव वर्कशीटवर छापायचं नाही. ज्या कागदावर ते नाव आलं, तो कचऱ्यात जात नाही. तो गेनिझासाठी, म्हणजे जुन्या पवित्र कागदांच्या साठ्यासाठी, वेगळा ठेवावा लागतो आणि पुढे दफन होतो. सात वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चिवड्याच्या पुडीखाली चुरगळलेला तसला कागद कुणालाच नको असतो. सरावाच्या कागदावर त्या जागी दोन योद (हिब्रूतलं एक अक्षर) छापा किंवा 'हाशेम' (ते नाव) म्हणा. खरं नाव फक्त सिद्दूर हातात घेऊन, प्रार्थना म्हणतानाच. वर्गाच्या कोपऱ्यात एक खोका ठेवा, त्यावर 'गेनिझा' लिहा आणि जुनी फाटकी प्रार्थनेची पानं मुलांनाच त्यात ठेवू द्या. अक्षराचा मान कसा ठेवायचा याचा पहिला धडा या खोक्यापाशीच होतो. त्यासाठी वेगळं बोलावं लागत नाही.

मुलं किती घ्यावीत? तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, याचं उत्तर तयार आहे: एका शिक्षकाला पंचवीस मुलं, चाळीस झाली तर हाताखाली मदतनीस. आपल्याकडे पंचवीस मुलं आली तर पेढे वाटावे लागतील, तेव्हा ही काळजी नाही. आपली अडचण उलटी असते. सहा मुलं असतात आणि सहाही वेगवेगळ्या वयाची. मोठ्यांपैकी एकाला धाकट्यांच्या जोडीला बसवा. शिकवताना त्याचंही पक्कं होतं.

शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांभाळायची पाळी आलीच, तर लक्षात ठेवा की तेव्हा लिहिणं नाही, कातरकाम नाही, पैशांची पेटीही नाही. फक्त अक्षरांचे पत्ते, गोष्ट आणि गाणी.

क्रमाने शिकवू नका

अक्षरं बावीस आहेत. आलेफपासून तावपर्यंतचं गाणं पहिल्या दिवसापासून म्हणू द्या, मुलांना ते आवडतं. पण वाचायला मात्र वेगळ्या क्रमाने घ्या. सुरुवात शिन, बेत, तावने करा. तीन टोकं वर उभी असलेलं शिन मूल रोज पाहतं, कारण घराच्या दारावरच्या मेझुझावर (चौकटीला लावलेल्या, आत तोरातल्या ओळी असलेल्या डबीवर) बहुधा तेच असतं. या तीन अक्षरांत 'शब्बाथ' लिहून होतो. म्हणजे तीन-चार आठवड्यांत मुलाला एक अख्खा शब्द वाचता येतो, आणि तोही ओळखीचा. नंतर लामेद आणि मेम घ्या. लामेद हे ओळीच्या वर डोकं काढणारं एकमेव अक्षर, त्यामुळे ते विसरलं जात नाही. मेमला शब्दाच्या शेवटी वेगळं रूप येतं. असं शेवटचं रूप असणारी पाच अक्षरं आहेत: काफ, मेम, नून, पे, त्साडी. ती पाचही एकदम सांगू नका. 'शालोम' शिकवताना शेवटचं मेम येईल, तेवढंच सांगा. बाकीची जशी शब्दांत येतील तशी.

मग मुलाचं स्वतःचं नाव. इथे एक गंमत आहे. दालेत, वाव, दालेत म्हणजे दावीद. हे नाव दोन्ही बाजूंनी सारखंच वाचलं जातं. डावीकडून लिहायला सुरुवात करणारा दावीदही बरोबरच लिहितो. उजवीकडून डावीकडे लिहिताना सगळेच गोंधळलेले असतात, तेव्हा हे नाव फळ्यावर लिहिलं की एखाद्या रडव्या मुलालाही धीर येतो.

दिशेचा गोंधळ खरं तर फार दिवस टिकत नाही. वहीच्या उजव्या कडेला, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, लाल टिकली चिकटवा. लिहायचं तिथून. पुस्तक 'मागून' उघडतं असं म्हणू नका. ही त्याची पुढची बाजू आहे, असंच पहिल्यापासून सांगा. मुंबईतल्या मुलांनी भायखळ्याला उर्दू पाट्या पाहिलेल्या असतात. त्याही उजवीकडूनच वाचतात, एवढं सांगितलं तरी पुरतं.

जुळ्या अक्षरांचं काय करायचं

वर्षाचा निम्मा त्रास यांचा असतो. बेत आणि काफ, दालेत आणि रेश, हे आणि हेत आणि ताव, वाव आणि झायिन, गिमेल आणि नून, सामेख आणि शेवटचं मेम. नियम एकच: जुळी अक्षरं एका महिन्यात शिकवायची नाहीत. बेत पक्कं झालं, महिनाभराने काफ आलं, तर मूल फरक स्वतःच दाखवतं. दोन्ही एकाच आठवड्यात आली, तर पुढची दोन वर्षं चुकत राहतं.

फरक कुठे बघायचा तेही सांगून ठेवते. बेतच्या खालच्या रेघेचं टोक उजवीकडे बाहेर येतं, काफ मात्र उजवीकडे गोल वळतं. दालेतला वर उजवीकडे कोपरा असतो, रेशची तीच बाजू गोलाई घेते. 'हे'चा डावा पाय वरच्या रेघेला चिकटत नाही, मध्ये फट असते. हेतची फट बंद. तावच्या डाव्या पायाला खाली बाहेर वळलेलं पाऊल. सामेख गोल, शेवटचं मेम चौकोनी.

दालेत-रेशचं महत्त्व मुलांना शेमामध्ये, म्हणजे 'देव एक आहे' या मुख्य प्रार्थनेत दाखवा. शेमाच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. सेफेर तोरामध्ये, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीत, या शब्दातला दालेत मुद्दाम मोठा लिहितात. तिथे चुकून रेश वाचलं तर 'एक'चा 'दुसरा' होतो आणि सगळी प्रार्थनाच फिरते. मुलांना ही गोष्ट भयंकर आवडते. एका कोपऱ्यावर इतकं सगळं अवलंबून असू शकतं, हे त्यांना पटतं आणि पुढच्या रविवारी ती कोपरे तपासत बसतात. जमल्यास हझानकाकांना विनंती करून सेफेर उघडलेला असताना तो मोठा दालेत लांबून दाखवा. हात लावायचा नाही, वाचायचं झालं तर यादने, म्हणजे ओळ दाखवायच्या काडीने.

घरी छापलेल्या पानांवर नक्षीदार फॉन्ट वापरू नका. त्यात हा कोपरा दिसतच नाही. हाताने लिहायची वळणदार हिब्रू लिपीही वेगळी असते. इस्राएलमधल्या अश्दोद किंवा दिमोनाहून आत्याने पाठवलेल्या कार्डावर तीच असते, आणि मूल म्हणतं, "टीचर, हे तर आपलं नाहीच." ती लिपी पुढे शिकता येते. सिद्दूर वाचायला छापील अक्षरं पुरतात.

मराठी कुठे कामाला येते, कुठे आडवी येते

सोफेर, म्हणजे तोरा लिहिणारा लेखनिक, आधी ओळी आखतो आणि अक्षरं त्या ओळीखाली लटकवतो. आपली देवनागरीही शिरोरेघेखालीच लटकते. म्हणून दोनरेघी वहीत इंग्रजीसारखं खालच्या रेघेवर अक्षर टेकवायला लावण्यापेक्षा वरच्या रेघेपासून खाली लिहू द्या. मराठी मुलाचा हात आपोआप बसतो.

त्साडीचा उच्चार सांगताना इंग्रजी माध्यमातली पुस्तकं कसरत करतात. आपल्या मुलाला 'चमचा' म्हणायला लावा, झालं. झायिनसाठी 'जहाज' आहेच. आलेफला स्वतःचा आवाज नाही, तो फक्त स्वर पेलतो. मोठ्या मुलांना हे समजावताना जुन्या मराठी पुस्तकांतली 'अि, अी, अु, अू' ही छपाई दाखवा. तिथला अ जे काम करतो, तेच आलेफ करतो. आयिनही आपल्या तोंडी साधारण तसाच येतो. हेतसाठी थोडं घशातून 'ह' काढायला शिकवा, अट्टहास नको.

स्वरांची खूण अक्षराखाली किंवा वर येते, ही कल्पना आपल्या मुलाला नवी नाही. बाराखडी पाठ असते. आडव्या रेघेचा पताह आणि त्याच रेघेला खाली दांडी असलेला कामात्स, दोन्ही बहुतेक ठिकाणी 'आ'. दोन टिंबं आडवी किंवा तीन टिंबांचा त्रिकोण, दोन्ही 'ए'. खाली एकच टिंब म्हणजे 'इ'. त्यामुळे 'बा, बे, बी, बो, बू' अशी बेतची बाराखडी लगेच म्हणता येते.

मात्र होलाम आला की मराठी आडवी येते. होलाम म्हणजे वरचं टिंब, त्याचा आवाज 'ओ'. आपल्या मुलाच्या डोळ्याला वरचं टिंब म्हणजे अनुस्वार. 'शालोम'चं 'शालंम' ऐकू आलं की गडबडू नका आणि हसू तर अजिबात नका. मूल बुद्धीने वाचतंय. होलाम शिकवाल त्या दिवशी फळ्याचे दोन भाग करा. एकीकडे मराठी 'अंबा', दुसरीकडे हिब्रू 'शालोम'. सारखं टिंब, वेगळं घर.

आणखी एक सवय मोडावी लागेल, ती मोठ्यांची. आपल्या बऱ्याच प्रार्थनापुस्तकांत हिब्रू ओळीखाली तीच देवनागरीत छापलेली असते. आईबाबा, आजी-आजोबा तीच वाचतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण मुलासमोर दोन्ही ओळी असल्या तर डोळा सोपी ओळ निवडतोच. वर्गात देवनागरी ओळ पुठ्ठ्याच्या पट्टीने झाका. घरी पाठ करायच्या ब्राखांसाठी (आशीर्वादाच्या छोट्या प्रार्थनांसाठी) देवनागरी चालेल, वाचनासाठी नाही.

अक्षरातून वागणूक

तालमूदच्या शब्बाथ ग्रंथात एक जागा आहे. लहान मुलं अभ्यासगृहात येऊन अक्षरांचे अर्थ लावतात, असं तिथे सांगितलंय. गिमेल म्हणजे मदत करणारा, दालेत म्हणजे गरीब. गिमेलचा पाय दालेतकडे का वळलाय? कारण देणारा गरजवंताच्या मागे धावत जातो. मग दालेतचं तोंड गिमेलकडून पलीकडे का? कारण गुपचूप द्यावं, घेणाऱ्याला लाज वाटू नये.

हे नुसतं सांगून सोडू नका, करून घ्या. दोन मुलं उभी करा. दालेत झालेल्याने पाठ फिरवायची आणि एक हात मागे धरायचा. गिमेल झालेल्याने पाऊल न वाजवता जाऊन त्या हातात चिक्कीचा तुकडा ठेवायचा आणि परत यायचं. कुणी दिलं हे दालेतला कळलं तर गिमेल बाद. मुलं हा खेळ थांबवू देत नाहीत. त्यानंतर त्सेदाकाची, म्हणजे दानाची, पेटी फिरवा आणि प्रत्येकाला मूठ बंद ठेवूनच नाणं टाकायला सांगा. कोणी रुपया टाकला, कोणी वीस, हे कुणाला दिसता कामा नये. दानावर जगणाऱ्यानेही दान द्यावं असं तालमूद म्हणतो, तेव्हा रुपयाही पूर्ण दान आहे. पेटीतले पैसे कुठे जाणार हे वर्षातून दोनदा मुलांनाच ठरवू द्या, भांडणासकट.

त्याच ठिकाणी शिनबद्दलही आहे. 'शेकेर', म्हणजे खोटं, या शब्दाची तिन्ही अक्षरं वर्णमालेत शेजारी-शेजारी आहेत. 'एमेत', म्हणजे खरं, याची अक्षरं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. खोटं जवळ सापडतं, खऱ्यासाठी लांब चालावं लागतं. बावीस अक्षरांची पत्त्यांची ओळ जमिनीवर मांडा आणि मुलांना दोन्ही शब्द चालून गोळा करायला लावा.

प्रत्येक अक्षराला अशी गोष्ट जोडायला जाऊ नका, ओढाताण होते. महिन्याला एक पुरे. बाकी मूल्यं कृतीतून आणा. जनावरांना खायला घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही असा दंडक आहे. सिनेगॉगच्या आवारातल्या मांजरीला आधी दूध, मग डबे उघडायचे. नासाडी करायची नाही, म्हणून अर्धी लिहिलेली पानं दुसऱ्या बाजूने वापरायची. आजारी मुलाला वर्गाने कार्ड पाठवायचं, त्यावर त्याचं नाव हिब्रूत.

आपले सण, आपली भाषा

रोश हाशानाला, म्हणजे नववर्षाला, परदेशी पुस्तकांत सफरचंद-मध असतो, आपल्या घरी चिकाचा हलवा असतो. दोन्ही सांगा, पण सुरुवात हलव्याने करा. सणांची जुनी नावं मुलांच्या कानावर पडू द्या: रोश हाशानाला नव्याचा सण, तिशा बेआव या उपासाच्या दिवसाला बिरड्याचा सण. आजीला विचारून आणखी नावं गोळा करून आणा, हा गृहपाठ मुलं स्वखुशीने करतात. आजीला इतका वेळ कुणी प्रश्न विचारत बसलेलं नसतं, त्यामुळे तीही खूश.

मलिदा, म्हणजे आपला आभाराचा विधी, हा तर अख्खा धडाच. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं ताटात मांडा. झाडाच्या फळाची ब्राखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्या फळाची वेगळी. आता केळ कुठल्या बाजूला? सगळी मुलं ओरडतात, "झाडाच्या!" नाही. केळीला खरं खोड नसतं. एकदा घड दिला की ती संपते आणि शेजारून नवी येते, म्हणून केळ्याला जमिनीची ब्राखा. कोकणातल्या मुलाने केळ तोडताना पाहिलेली असते. तो लगेच मान डोलावतो आणि मुंबईच्या मुलांना समजावूनही सांगतो. तू बिशवातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, मलिदा होतोच. अलिबागजवळ खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) जागी जाणारी कुटुंबं असतील तर त्यांच्या मुलांना पुढच्या वर्गात बोलू द्या.

पेसाहची तयारी दोन महिने आधी सुरू करा. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या विधीच्या जेवणाच्या, रात्री प्रश्न सगळ्यात लहान मुलाने विचारायचे असतात. 'मा निश्ताना' हे ते प्रश्न त्या रात्री ऐनवेळी पाठ होत नाहीत. हनुक्काच्या भिंगरीवर नून, गिमेल, हे, शिन असतात, तेव्हा ही चार अक्षरं डिसेंबरच्या आत झालेली असली तर खेळताना वाचनही होऊन जातं. किद्दुशसाठी (शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेसाठी) काळ्या मनुकांचं सरबत वर्गातच करता येतं. आधी भिजवून ठेवलेलं आणून गाळायचं काम मुलांना द्या. कपडे खराब होतील, पालकांना आधी सांगा. आणि खाऊचं काहीही आणण्यापूर्वी जिलेटीन आहे का ते वेष्टनावर वाचा. चायना ग्रासची जेली चालते.

तास कसा भरायचा

आल्यावर मेझुझाला हात लावून आत. पाच मिनिटं आलेफ-बेतचं गाणं. मग मागच्या वेळची अक्षरं, पण पाटीवर नाही, रव्याच्या ताटात बोटाने. छोट्यांची पेन्सिलवरची पकड अजून कच्ची असते. रव्यात चूक झाली तर ताट हलवलं की संपलं. नंतर नवं अक्षर, एकच. त्याचा शब्द, त्याची गोष्ट किंवा खेळ. डबा आणि ब्राखा. शेवटी सगळ्यांनी उभं राहून, डोळ्यांवर हात ठेवून शेमा. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची पुस्तकं समुद्रात गेली तरी शेमा तोंडी राहिला, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. ते एकदा मुलांना सांगा, दर रविवारी नको.

गृहपाठ द्यायचा तर पाच मिनिटांचाच द्या, आणि तोही शुक्रवारी दिवे लावायच्या आधीचा. आईने दिवा लावण्यापूर्वी मुलाने एक ओळ वाचून दाखवायची. आईला हिब्रू येत नसेल तरी बिघडत नाही. तिने फक्त बोट अक्षरावरून सरकतंय का ते पाहायचं.

वर्षाच्या शेवटी पालक विचारतात, "वाचायला येतं का त्याला?" मूल शेमा घडाघडा म्हणून दाखवतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण ते पाठ असतं. खरं पाहायचं तर सिद्दूरमधलं कधी न वाचलेलं पान उघडा, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि थांबा. मदत करू नका. मूल अडखळत, अक्षर लावत, स्वर जोडत तो शब्द उच्चारेल. त्याला अर्धं मिनिट लागलं तरी ते वाचन आहे. बोट पाहून लगेच शेमाच म्हणायला लागलं, तर सुट्टीनंतर पुन्हा शिन, बेत, तावपासून सुरुवात करा. यावेळी ते निम्म्या वेळात होईल.